नमपायमधला पहिला बग सोडवताय? टेस्टपासून पुल रिक्वेस्टपर्यंत सगळं सविस्तर

नमपायमध्ये (पायथनची आकडेमोडीची लायब्ररी) काहीतरी चुकीचं उत्तर येतंय असं दिसलं की बहुतेक जण आपल्या कोडमध्ये एक जुगाड टाकतात आणि पुढे जातात. मीही कित्येक वर्षं तेच करत होतो. मग एकदा ठरवलं की हा बग आपणच सोडवायचा, आणि तेव्हा कळलं की गणित किंवा सी येत नाही म्हणून कोणी अडत नाही, अडतं ते भलत्याच ठिकाणी: बिल्ड कसा करायचा, टेस्ट कुठे लिहायची, तुलना कोणत्या फंक्शनने करायची, आणि आपण पाहतोय तो खरंच बग आहे का. तुमचे ते दिवस वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. पायथन आणि गिट थोडंफार येतं असं धरून चाललोय, सी येत नसेल तरी काही बिघडत नाही, कारण बरेच बग पायथनच्याच भागात असतात.

आधी हे जवळ ठेवा

- गिटहब अकाउंट आणि नमपायच्या रेपोचा तुमचा स्वतःचा फोर्क (तुमच्या अकाउंटवरची कॉपी)
- गिट, आणि सी व सी प्लस प्लसचा कंपायलर (लिनक्सवर जीसीसी, मॅकवर क्लँग, विंडोजवर मायक्रोसॉफ्टचा)
- वेगळं एन्व्हायर्नमेंट, कोंडाचं किंवा साधं व्हेन्व्ह. रोजच्या कामाच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये हे अजिबात करू नका
- स्पिन नावाचं टूल, बिल्ड आणि टेस्ट दोन्ही त्यातूनच चालतात
- पायटेस्टची (पायथनच्या टेस्ट चालवणारं टूल) जुजबी ओळख

१. बग आधी छोटा करा

तुमच्या प्रोजेक्टमध्ये बग दिसला तेव्हा त्याच्याभोवती पांडाज असेल, फाइल वाचणं असेल, दोनशे ओळींचा डेटा असेल. ते सगळं एकेक करून काढत जा. शेवटी चार-पाच ओळी उरल्या पाहिजेत ज्यात फक्त नमपाय इम्पोर्ट होतो, एक लहानसा ॲरे हाताने लिहिलेला असतो आणि चुकीचं उत्तर येतं. ॲरे जितका लहान तितकं बरं, दोन किंवा तीन एलिमेंट. पण लहान करताना डीटाइप (ॲरेमधल्या आकड्यांचा प्रकार) बदलू देऊ नका, इथेच गफलत होते. मूळ डेटा फ्लोट ३२ किंवा इंट १६ असतो, तुम्ही हाताने यादी लिहिता, ती आपोआप फ्लोट ६४ किंवा इंट ६४ होते आणि बग गायब. मग माणसाला वाटतं आपल्यालाच भास झाला.

डीटाइपसोबत शेप, स्ट्राइड्स (पुढच्या एलिमेंटवर जायला मेमरीत किती बाइट सरकायचं) आणि फ्लॅग्जही छापून बघा. ट्रान्सपोज केलेला ॲरे आणि त्याची कॉपी, दोघांत आकडे अगदी तेच असतात पण मेमरीतली मांडणी वेगळी असते, आणि कधीकधी बग फक्त एकातच दिसतो. नमपायची आवृत्ती आणि शो रनटाइम या फंक्शनचं आउटपुटही जपून ठेवा, तुमच्या प्रोसेसरवर कोणत्या सिमडी सूचना (एकाच वेळी अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या) चालतात ते त्यात असतं आणि पुढे कोणीतरी ते हमखास विचारतं.

२. तो बग आहे की ठरवून ठेवलेलं वागणं आहे, ते तपासा

पीटीपी नावाचं फंक्शन बघा, कमाल वजा किमान देणारं. त्याला इंट ८ चा (८ बिटांचे पूर्णांक, उणे १२८ ते १२७) ॲरे दिला ज्यात उणे १ आणि १२७ आहेत, तर उत्तर १२८ यायला हवं, पण येतं उणे १२८. पहिल्यांदा बघणारा लगेच इश्यू उघडतो. पण डॉक्युमेंटेशनमध्ये स्पष्ट लिहिलंय की हे फंक्शन इनपुटचाच डीटाइप ठेवतं, त्यामुळे साइन्ड (ऋण आकडेही बसणाऱ्या) पूर्णांकात उत्तर ऋण येऊ शकतं, आणि त्यावर उपाय म्हणून व्ह्यू घेऊन (तीच मेमरी दुसऱ्या टाइपने वाचून) अनसाइन्ड करायचं उदाहरणही तिथेच दिलंय.

तसंच ॲरेमधल्या पूर्णांकांचं ओव्हरफ्लो (टाइपच्या मर्यादेबाहेर जाणं) गुपचूप होतं, इंट ८ मध्ये १२७ अधिक १ म्हणजे उणे १२८, आणि ॲरेवर कुठलीही वॉर्निंग येत नाही. फ्लोट ३२ मध्ये १६७७७२१६ मध्ये १ मिळवला तर आकडा हलत नाही, कारण तिथे २४ बिटांची अचूकता संपते. हे बग नाहीत.

दुसरा गोंधळ आवृत्तीचा. जून २०२४ मध्ये २.० आली आणि तिच्यात टाइप प्रमोशनचे (दोन वेगळे टाइप एकत्र आले की उत्तराचा टाइप कोणता) नियम बदलले. आधी नमपायच्या फ्लोट ३२ स्केलरमध्ये (एकट्या आकड्यात) पायथनचा साधा दशांश आकडा मिळवला की फ्लोट ६४ यायचा, आता फ्लोट ३२ च राहतो. विंडोजवर डीफॉल्ट पूर्णांक ३२ बिटांचा होता तो ६४ बिटांचा झाला. त्यामुळे "काल चालत होतं, आज उत्तर बदललं" असं असेल तर आधी मायग्रेशन गाइड वाचा. त्यानंतर जुने इश्यू शोधा, उघडे आणि बंद दोन्ही, फंक्शनचं नाव टाकून. एखाद्या इश्यूला आधीच कोणाची पुल रिक्वेस्ट (आपला बदल मूळ रेपोत घ्या अशी विनंती) जोडलेली असेल तर तीच वाचा आणि तिथे मदत करा, समांतर दुसरी उघडून कोणाचाच फायदा नाही.

३. बिल्ड करा, आणि आपण कोणता नमपाय चालवतोय त्याची खात्री करा

फोर्क क्लोन करा, मग सबमॉड्यूल (रेपोत जोडलेले दुसरे रेपो) इनिशियलाइज करून अपडेट करा. ही दुसरी पायरी विसरली की बिल्ड अर्ध्यात कुठल्यातरी न सापडणाऱ्या फाइलवर थांबतो आणि त्या एररवरून खरं कारण पटकन लक्षात येत नाही. मूळ रेपो अपस्ट्रीम म्हणून जोडा आणि त्याचे टॅग्जही आणून ठेवा. कोंडा वापरत असाल तर रेपोमधल्या एन्व्हायर्नमेंट फाइलवरून सगळं एकदम उभं राहतं.

जुने लेख वाचून "सेटअप डॉट पाय चालवा" वगैरे करू नका. पायथन ३.१२ मधून डिस्टयुटिल्स (त्यामागचं जुनं बिल्डचं साधन) काढलं गेलं, आणि नमपाय २०२३ मधल्या १.२६ पासून मेसॉन या बिल्ड सिस्टिमवर आला. आता फक्त स्पिन बिल्ड म्हणायचं. पहिला बिल्ड बराच वेळ घेतो, नंतर बदललेल्याच फाइली पुन्हा बनतात.

आता सगळ्यात महत्त्वाचा सापळा. मी एकदा दोन अख्ख्या संध्याकाळी एका सी फाइलमध्ये बदल करत होतो आणि उत्तर काही बदलेना. मुद्दाम फंक्शनच्या सुरुवातीला एरर फेकली, तरी फेकली जाईना. शेवटी नमपाय कुठून इम्पोर्ट होतोय तो पाथ छापला तेव्हा दिसलं की एन्व्हायर्नमेंटमध्ये पिपने टाकलेला तयार नमपायच चालतोय, माझा बिल्ड कोणी बघतच नव्हतं. तेव्हापासून माझा नियम आहे, काम सुरू करायच्या आधी नमपायची डंडर फाइल (इम्पोर्ट कुठून झाला तो पाथ) छापायची आणि पाथ डोळ्यांनी वाचायचा. स्पिन पायथन आणि स्पिन टेस्ट वापरलं तर हा प्रश्न येत नाही, ते आधी बिल्ड करतात आणि मग तोच बिल्ड चालवतात. रेपोच्या फोल्डरमध्ये उभं राहून नुसतं पायथन उघडलंत तर सोर्स डिरेक्टरीतून इम्पोर्ट करू नका अशी एरर येईल, तिला घाबरू नका.

काहीही बदलायच्या आधी तुमच्या भागाच्या टेस्ट एकदा चालवून घ्या. आधीपासूनच दोन फेल होत असतील तर ते आत्ताच कळलेलं बरं.

४. आधी टेस्ट लिहा आणि ती फेल होताना बघा

प्रत्येक सबपॅकेजमध्ये टेस्ट्स नावाचं फोल्डर असतं. ॲरेच्या गाभ्यातलं काही असेल तर अंडरस्कोर कोअरच्या आत, हिस्टोग्रामसारखं असेल तर लिबच्या आत. फंक्शनचं नाव तिथे शोधा, त्याच्या टेस्टचा क्लास बहुतेक असतोच, आपली टेस्ट त्यातच घाला, नवी फाइल काढू नका.

एक नमुना वाचायला सांगतो कारण मी यावरूनच शिकलो. हिस्टोग्रामच्या टेस्टमध्ये साइन्ड ओव्हरफ्लोसाठी एक टेस्ट आहे. इंट ८ चा विचार करा. ॲरेमध्ये दोनच आकडे, उणे १२४ आणि १२४. दोन बिन (आकडे मोजायचे गट) मागायचे. उत्तर काय यायला हवं ते कागदावर सांगता येतं: कडा उणे १२४, ०, १२४, आणि प्रत्येक बिनमध्ये १. आता आत काय होतं बघा. बिनची रुंदी काढायला कमालमधून किमान वजा करावं लागतं, म्हणजे २४८, आणि इंट ८ मध्ये १२७ च्या पुढे जागाच नाही, म्हणून २४८ चे होतात उणे ८. रुंदीच ऋण निघाली की पुढचं सगळंच कोसळतं. कोडमध्ये यासाठी एक छोटं मदतनीस फंक्शन आहे जे वजाबाकी अनसाइन्ड टाइपमध्ये करतं, तिथे २४८ आरामात बसतात. आणि टेस्ट फक्त इंट ८ वर थांबत नाही, टाइपच्या आकारावरून टोकाचे आकडे काढते आणि सगळ्या साइन्ड पूर्णांकांवर तेच तपासते.

यात शिकण्यासारखं खूप आहे. इनपुट दोन आकड्यांचं. अपेक्षित उत्तर हाताने काढलेलं, प्रोग्रामला विचारून नाही. मी बऱ्याच नवीन लोकांच्या टेस्ट बघितल्यात ज्यात दुरुस्तीनंतर जे आउटपुट आलं तेच अपेक्षित म्हणून चिकटवलेलं असतं, अशी टेस्ट एवढंच सांगते की कोड आज जे करतो तेच उद्याही करेल, ते बरोबर आहे की चूक ते नाही सांगत. हाताने काढता येत नसेल तर जास्त अचूकतेच्या एमपीमॅथसारख्या लायब्ररीतून आकडा काढा, आणि कुठून काढला ते कॉमेंटमध्ये लिहा.

टेस्ट लिहिली की दुरुस्ती न करता चालवा. स्पिन टेस्टला फाइलचा पाथ द्या, मग दोन डॅश टाकून पायटेस्टचा के हा पर्याय आणि टेस्टचं नाव, म्हणजे एवढी एकच चालेल. ती लाल झाली पाहिजे, आणि ज्या कारणासाठी लिहिली त्याच कारणाने झाली पाहिजे. इम्पोर्ट चुकला म्हणून लाल झालेली टेस्ट कामाची नाही. फेल मेसेज शेवटपर्यंत वाचा, तो तुमच्या चुकीच्या आकड्याबद्दलच बोलतोय का ते बघा. माझं स्पष्ट मत आहे, टेस्ट लाल होताना पाहिली नसेल तर ती टेस्ट आहे असं समजूच नका, दुरुस्ती कितीही सोपी असली तरी.

५. तुलना कशी करायची, इथे घाई नको

सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवला, म्हणून जरा सविस्तर.

साधं असर्ट लिहून दोन ॲरेंची बरोबरी करून त्यावर ऑल लावायची सवय असते. पण रिकाम्या ॲरेवर ऑल नेहमी ट्रू देतं. म्हणजे तुमच्या फंक्शनने चुकून शून्य एलिमेंटचा ॲरे परत केला, आणि दुसऱ्या बाजूला एकच आकडा असेल, तर टेस्ट हिरवी. म्हणून नमपायच्या टेस्टिंग मॉड्यूलमधली फंक्शन्स वापरा.

पूर्णांक, बूलियन किंवा स्ट्रिंग असतील तर असर्ट ॲरे इक्वल. पण हे फंक्शन एक बाजू स्केलर असली की ती दुसऱ्या बाजूच्या प्रत्येक एलिमेंटशी ताडून बघतं, आणि डीटाइप तर बघतच नाही. इंट ३२ यायला हवा होता आणि फ्लोट ६४ आला, तरी आकडे तेच असतील तर पास. तुमचा बगच डीटाइपचा असेल तर या टेस्टचा काय उपयोग? स्ट्रिक्ट हा पर्याय ट्रू करा, तो १.२४ पासून आहे, मग शेप आणि डीटाइप दोन्ही जुळावे लागतात. असर्ट ऑलक्लोजला तोच पर्याय २.० पासून मिळाला.

दशांश आकड्यांसाठी असर्ट ऑलक्लोज. याचा नियम डोक्यात पक्का ठेवा: फरक हा ए-टोल (ठरावीक सूट) अधिक आर-टोल (उत्तराच्या प्रमाणातली सूट) गुणिले अपेक्षित उत्तर, याच्या आत असला पाहिजे. आर-टोल डीफॉल्ट दहाचा उणे सातवा घात, आणि ए-टोल डीफॉल्ट शून्य. आता अपेक्षित उत्तर शून्य असेल तर? गुणाकार शून्य, म्हणजे फरकाला अजिबात मुभा नाही. साइन ऑफ पाय काढलं तर १.२२ गुणिले दहाचा उणे सोळावा घात येतो, शून्य नाही, आणि टेस्ट फेल होते. अशा वेळी ए-टोल स्वतः विचार करून द्या. उलट बाजूने, फ्लोट ३२ चा इप्सिलॉन (१ आणि त्यापुढचा लगेचचा आकडा यातलं अंतर) साधारण १.१९ गुणिले दहाचा उणे सातवा घात आहे, म्हणजे डीफॉल्ट आर-टोलपेक्षाही मोठा, त्यामुळे फ्लोट ३२ ची अगदी बरोबर उत्तरंही डीफॉल्टवर फेल होऊ शकतात. तिथे आर-टोल त्या टाइपच्या इप्सिलॉनच्या काही पट ठेवा. पण टेस्ट फेल झाली की आर-टोल वाढवत जायचं, पास होईपर्यंत, हे कृपया करू नका. असं केल्याने खरे बग वर्षानुवर्षं झाकलेले राहतात. मोठा टॉलरन्स लागत असेल तर का लागतोय ते आधी समजून घ्या आणि मग कॉमेंटसकट लिहा.

जुन्या टेस्टमध्ये असर्ट ऑलमोस्ट इक्वल दिसेल, ते बघून तुम्हीही तेच वापराल, पण नको. ते दशांश स्थळं मोजतं, डीफॉल्ट सात. म्हणजे अपेक्षित उत्तर दहाचा उणे दहावा घात असेल आणि तुमचं त्याच्या तिप्पट आलं तरी ते पास म्हणतं.

नॅन ("हा आकडाच नाही" असं सांगणारं मूल्य) स्वतःशीही समान नसतो, पण असर्ट ऑलक्लोज डीफॉल्टने नॅनला नॅनशी जुळवतं, तर नुसतं ऑलक्लोज फंक्शन जुळवत नाही. उणे शून्य आणि शून्य ॲरेच्या तुलनेत सारखेच ठरतात, चिन्ह महत्त्वाचं असेल तर साइनबिट वेगळं तपासा. एरर यायला हवी असेल तर पायटेस्टचं रेझेस वापरा आणि मॅचमध्ये मेसेजचा तुकडा द्या, नाहीतर भलत्याच ओळीतून आलेली व्हॅल्यू एररही पास होऊन जाते.

६. एका बगच्या आसपास अजून कुठे बघायचं

बग एका टाइपवर सापडला की त्याचे भाऊबंद शेजारी असतात. पायटेस्टच्या पॅरामेट्राइजने एकच टेस्ट अनेक टाइपवर चालवा. मी हे कोपरे न चुकता बघतो:

- रिकामा ॲरे, आणि शून्य मितीचा ॲरे, हे दोन वेगळे आहेत. रिकाम्यावर सम ० देतं, मॅक्स एरर देतं, मीन नॅन आणि वॉर्निंग देतं
- उलटा केलेला ॲरे ज्याच्या स्ट्राइड ऋण असतात, आणि एक सोडून एक घेतलेला
- फोर्ट्रान ऑर्डरचा (मेमरीत स्तंभांनुसार मांडलेला) ॲरे, आणि बायटांचा क्रम उलटा असलेला डीटाइप
- ब्रॉडकास्ट केलेला (कॉपी न करता मोठ्या शेपला ताणलेला), ज्याची स्ट्राइड शून्य असते
- इनपुट आणि आउटपुट एकाच मेमरीत येतात ती केस. २०१७ च्या १.१३ पासून युफंक (एकेका एलिमेंटवर चालणारी फंक्शन्स) ती सांभाळून घेतात, पण तुम्ही दुसऱ्या फंक्शनमध्ये हात घातलात तर स्वतः बघा

आणि लांबी. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सिमडी कोड चार, आठ, सोळा एलिमेंट एकदम घेतो आणि उरलेली शेपटी वेगळ्या लूपमध्ये करतो. कोड आठ-आठ घेत असेल आणि बग फक्त शेपटीत असेल तर आठ एलिमेंटच्या ॲरेवर कधीच दिसणार नाही आणि अकरावर दिसेल. म्हणून १ पासून पन्नासेकपर्यंत सगळ्या लांब्या लूपमध्ये फिरवा, एका सेकंदाचंही काम नाही. बग सिमडीत आहे का ते ताडून बघायला इम्पोर्टच्या आधी एनपीवाय डिसेबल सीपीयू फीचर्स हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल सेट करा, त्या सूचना बंद झाल्यावर उत्तर बरोबर आलं तर जागा सापडलीच म्हणायची.

रँडम डेटा वापरलात तर डीफॉल्ट आरएनजीला (नमपायचा रँडम आकडे देणारा) सीड, म्हणजे सुरुवातीचा ठरावीक आकडा, द्या, नाहीतर टेस्ट महिन्यातून एकदा फेल होईल आणि ती का फेल झाली ते कोणालाच पुन्हा दाखवता येणार नाही.

७. आता दुरुस्ती

आधी बरोबर चालायचं आणि नंतर बिघडलं असं असेल तर गिट बायसेक्ट करा. एक चांगली आवृत्ती आणि एक वाईट आवृत्ती सांगायची, मग तो मधोमध नेऊन सोडतो, दर वेळी बिल्ड करून तुमची लाल टेस्ट चालवायची. हजार कमिट असले तरी दहाएक फेऱ्यांत नेमका कमिट सापडतो, आणि तो वाचला की निम्मं काम झालं.

दुरुस्ती लहान ठेवा. त्याच फाइलमध्ये दुसरं काही खटकलं, स्पेसिंग वाईट दिसलं, तरी हात लावू नका. सीमध्ये असाल तर जिथे जिथे एररमुळे फंक्शनमधून मधेच बाहेर पडता ती प्रत्येक वाट तपासा, घेतलेला रेफरन्स तिथे सोडलाय का, कारण लीक बहुतेक याच वाटांवर होते. डॉट सी डॉट एसआरसी अशा फाइली दिसल्या तर त्या टेम्प्लेट आहेत, त्यातून प्रत्येक टाइपचा सी कोड तयार होतो, तेव्हा टेम्प्लेटच बदला, तयार झालेली फाइल नाही.

टेस्ट हिरवी झाली की पूर्ण सबपॅकेजच्या टेस्ट चालवा, मग फुल मार्कर देऊन हळू टेस्टसुद्धा, कारण त्या एरवी वगळल्या जातात. शेवटी दुरुस्ती काढून टाकून टेस्ट पुन्हा लाल होते का ते एकदा बघा आणि परत घाला.

८. पुल रिक्वेस्ट

मेनवर काम करू नका, वेगळी ब्रँच काढा. कमिट मेसेजच्या सुरुवातीला मोठ्या इंग्रजी अक्षरांत बग, फक्त टेस्ट असेल तर टीएसटी, डॉक्युमेंटेशन असेल तर डॉक, मग कोलन, मग एका ओळीत काय केलं. ओळी ७२ अक्षरांच्या आत. वर्णनात इश्यूचा नंबर क्लोजेस शब्दासोबत द्या म्हणजे मर्ज झाल्यावर तो आपोआप बंद होईल, आणि टेस्टमध्येही कॉमेंट म्हणून तोच नंबर लिहा, पाच वर्षांनी कोणीतरी ती टेस्ट का आहे ते शोधत येईल. पाठवण्याआधी स्पिन लिंट (कोड लिहिण्याची शैली तपासणारं) चालवा.

सीआय (पुल रिक्वेस्टवर आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) वेगवेगळ्या मशीनवर चालतं आणि तुमच्याकडे हिरवी असलेली टेस्ट तिथे लाल होऊ शकते. लाँग डबल (सीमधला सगळ्यात मोठा दशांश टाइप) वापरलं असेल तर पहिला संशय त्यावर घ्या, नेहमीच्या इंटेल लिनक्सवर तो ८० बिटांचा असतो आणि विंडोजच्या मायक्रोसॉफ्ट कंपायलरवर किंवा ॲपलच्या नव्या चिपवर साध्या डबलइतकाच. तुमच्या बदलाशी काडीचा संबंध नसलेलं एखादं जॉब लाल असेल तर लॉग वाचून तसं कॉमेंटमध्ये लिहा, रिव्ह्यू करणाऱ्याचा वेळ वाचतो.

रिव्ह्यू यायला वेळ लागतो, मेंटेनरपैकी बरेच जण आपली कामं सांभाळून हे करतात. आठवडा-दोन आठवड्यांनी नम्रपणे एकदा आठवण करा. बदल सुचवले तर त्याच ब्रँचवर नवीन कमिट टाका, पुल रिक्वेस्ट बंद करून नवी उघडू नका, चर्चा तुटते. दुरुस्ती नेहमी मेनमध्येच जाते, चालू आवृत्तीतही हवी असेल तर मेंटेनर तिला बॅकपोर्टचं लेबल लावतात, ते वेगळं काम तुम्हाला करावं लागत नाही. मर्ज झालं की लोकल ब्रँच डिलीट करा, मेन अपस्ट्रीमवरून ताजी करून घ्या, सबमॉड्यूलही पुन्हा अपडेट करा, आणि तुमच्या प्रोजेक्टमध्ये तो जुगाड अजून पडून असेल तर कोणत्या आवृत्तीनंतर तो काढायचा ते त्याच्या शेजारी लिहून ठेवा.